बाल्कनीतून फक्त आफ्रिका लागायची

आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या घराला पूर्व नव्हती. तुम्ही म्हणाल, असं कसं होईल, दिशा काय कुणी उचलून नेते? पण नव्हती. हॉलची खिडकी पश्चिमेला, बेडरूमची पश्चिमेला, बाल्कनी पश्चिमेला आणि बाकी सगळ्या बाजूंनी भिंती. स्वयंपाकघराला तर खिडकीच नव्हती. वर एक पंखा होता, तो फोडणीचा वास ओढून घ्यायचा आणि कुठे नेऊन टाकायचा देव जाणे. त्या घरातून सूर्य उगवताना मी एकदाही पाहिला नाही. मावळताना मात्र तो असा काही आत घुसायचा की पडदे ओढले तरी सोफा तापायचा. घर घेताना मी म्हटलं होतं, सकाळचा उजेड नाही हो येत. तर आमचे हे म्हणाले, "अगं, दुबईत उजेडाला काय तोटा? इथे तो कपाटात घालून कुलूप लावायची वेळ येते."

तेव्हा हे असं बोलायचे. मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे बराच वेळ ते काही बोलणार नाहीत.

हे सर्व्हेअर. म्हणजे इमारत उभी राहायच्या आधी ती नेमकी कुठे उभी राहायची ते जमिनीवर आखून देणारे. जन्म उन्हात काढला त्यांनी, आधी आपल्याकडे धरणं-कालव्यांवर आणि मग इकडे वाळूत. जे काम बाहेर तेच घरात. भिंतीवरचं कॅलेंडर बोटभर कलतं असलं तरी यांना जेवण जायचं नाही. आमचं लग्न झालं त्या पहिल्याच आठवड्यात यांनी सासूबाईंचा देव्हारा हलवला होता. का, तर तो म्हणे पूर्वेला नाही, "पूर्वेच्या आसपास" आहे. सासूबाई म्हणाल्या, "देवाला चालतंय ना?" हे म्हणाले, "देवाला चालत असेल, मला नाही चालत."

तर अशा माणसाच्या वाट्याला मंदी आली.

सुरुवातीला कळलंच नाही. पेपरात अमेरिकेतल्या बँकांचं काही यायचं आणि आम्ही म्हणायचो, तिकडचं तिकडे. मग हळूहळू वाळूचे ट्रक कमी झाले. मग क्रेन थांबल्या. मान वर करून उभ्या असायच्या नुसत्या, जशा काही कुणी हाक मारेल म्हणून थांबल्यात. यांची साइट बंद पडली. कंपनीने काढून टाकलं असतं तरी एक वेळ परवडलं असतं, पण काढलं नाही. घरी बसा म्हणाले, बोलावू. आणि पासपोर्ट, यांचा आणि माझाही, कंपनीच्या कपाटात. तेव्हा तशीच पद्धत होती हो, सगळ्यांचेच असायचे, कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. परत मागायची वेळ आली तेव्हा कळलं वावगं काय असतं ते. मालक देशाबाहेर, सही कुणाची चालत नाही, आणि कंपनीचे सरकारी कागद बघणारा माणूस फोनवर एकच सांगायचा, "नेक्स्ट वीक, इन्शाल्ला." दुसरी नोकरी धरता येईना, कारण कंपनीने सोडलेलं नाही. घरी भारतात जाता येईना, कारण पासपोर्ट नाही. आणि अशा त्या घरात मी, हे आणि एसीचा आवाज.

त्या एसीबद्दल थोडं सांगते. एप्रिलनंतर खिडक्या उघडायच्या नाहीत, उघडल्या तर भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. म्हणजे बाहेरचा एकही आवाज आत नाही. कावळा नाही, भाजीवाला नाही, कुणाच्या घरातलं भांडण नाही. चोवीस तास तो एकच घुर्रर आवाज. पहिल्यांदा तो कानात असतो, मग डोक्यात जातो, आणि मग आपण मनातल्या मनातसुद्धा त्याच सुरात बोलायला लागतो.

हे दिवसभर खुर्चीत. समोर टीव्ही, टीव्हीवर बातम्या, बातम्यांच्या खाली पळणारी ती पट्टी. अमका प्रकल्प स्थगित, तमका प्रकल्प रद्द. त्यातले कितीतरी यांनी स्वतः आखलेले. हे पट्टी बघत बसायचे, जसं कुणी आपल्याच माणसांची नावं वाचत बसावं. बाहेर जाणं बंद केलं. पूर्वी आमचा मराठी लोकांचा मेळा होता, महिन्यातून एकदा कुणाकडे तरी भजन नाहीतर नुसता पोहे-चहा. तिथे एकदा कुणीतरी यांना विचारलं, "काय मग, नवीन काय?" चांगल्या मनाने विचारलं बिचाऱ्याने. पण हे घरी आले आणि पुन्हा गेले नाहीत. मग खाली दुकानात जाणं थांबलं. मग कचऱ्याची पिशवी नेऊन टाकणंही माझ्याकडे आलं. दाराशी यांचे साइटवरचे बूट होते, त्यांच्या तळव्याला शेवटच्या दिवसाची माती वाळून चिकटलेली. पुसायला घेतले तर म्हणाले, "राहू दे." तेवढंच त्या दिवसाचं बोलणं.

समोरच्या दारात हैदराबादचं कुटुंब राहायचं. त्यांचं घर आमच्या बरोब्बर उलट्या तोंडाचं, म्हणजे सगळ्या खिडक्या पूर्वेला. मला त्याचा इतका हेवा वाटायचा! ती म्हणायची, "आंटी, सुबह कू इत्ती धूप आती ना हमारे यहाँ." आणि एके दिवशी त्यांच्याकडून काही आवाज येईना. दोन दिवसांनी कळलं, गेले. गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये सोडून गेले म्हणत होते, खरं-खोटं माहीत नाही. तेव्हा असं बरंच चालायचं. दाराला कुलूप लागलं ते लागलंच. मी कचरा टाकायला निघाले की त्या कुलपाकडे बघायची. आत केवढी पूर्व पडून आहे, आणि कुणाच्या उपयोगाची नाही.

आमची मुलगी अबुधाबीला एका हॉस्पिटलच्या ऑफिसात होती. गुरुवारी रात्री बसने यायची, शनिवारी परत. लहानपणापासून इथेच वाढलेली, त्यामुळे आपण मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. ती एकदा आली, बाबांना बघितलं, आणि स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आई, दॅट टिकर इज किलिंग हिम. गेट हिम अ रेडिओ."

मी म्हटलं, "रेडिओ आहे की. लावला की मल्याळम लागतं. चांगलं असतं, पण कळत नाही."

"नॉट दॅट रेडिओ. सॅटेलाइट रेडिओ. मराठी चॅनल आहे त्यावर." शेवटचं वाक्य तिने मराठीत टाकलं म्हणजे गंभीरपणे बोलत होती.

मग ती पुढच्या आठवड्यात दोन माहितीपत्रकं घेऊन आली. तेव्हा दोन गोष्टी मिळायच्या. एक होता छोटा रिसीव्हर, पुस्तकाएवढा, आणि त्याला वायरने जोडलेली एक चपटी अँटेना, मुलांच्या पाटीसारखी. ती पाटी उपग्रहाकडे तोंड करून धरायची, मधे काही आडवं यायला नको, की आवाज येतो. बॅटरीवर चालतो, कुठेही न्या. दुसरा होता टीव्हीच्या डब्यातला रेडिओ. आमच्या इमारतीत बाल्कनीत डिश लावायला बंदी होती, पण गच्चीवर सगळ्यांची मिळून एक डिश, त्याची वायर घरात आलेली. त्या डब्याचं वरचं पॅकेज घेतलं की टीव्हीवरच रेडिओची चॅनलं लागतात, त्यातही मराठी होतं. दोन्हीची वर्गणी जवळपास सारखीच. तीसुद्धा आधी दिरहममध्ये आणि मग तोंडी रुपयांत करून बघितली, आपल्या सवयीप्रमाणे, आणि सवयीप्रमाणे "बाई गं" म्हटलं.

मी दोन्ही कागद यांच्या मांडीवर ठेवले. म्हटलं, "तुम्हीच सांगा, मला काय कळतंय."

आणि काय सांगू, हे टीव्हीवरून मान वळवून त्या कागदाकडे बघायला लागले! चष्मा मागितला. मग म्हणाले, "माझं होकायंत्र आण." कपाटातून काढून दिलं. ते घेऊन उठले, घरभर फिरले, बाल्कनीच्या दाराशी उभे राहिले, तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मुलगी माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती, बघ बघ म्हणून. मला वाटलं, झालं, माणूस उठला.

मग हे परत येऊन खुर्चीत बसले आणि निकाल दिला. "डबा घ्या. रिसीव्हर घेण्यात अर्थ नाही. आपल्याकडचं मराठी ज्या उपग्रहावर आहे तो पूर्वेला आहे, किंचित आग्नेयेकडे, आणि खाली, क्षितिजाकडे झुकलेला. आपल्या घराला पूर्वच नाही. त्याच कंपनीचा दुसरा उपग्रह पश्चिमेला आहे, तो लागेल. पण त्याच्यावर आफ्रिका आहे."

"आफ्रिका?"

"आफ्रिका. शिवाय ती कंपनी बुडायला आली आहे. पेपरात आलंय. बुडत्या माणसाकडे कुणी वर्गणी भरतं का?" असं म्हणाले आणि रिमोट उचलला. पट्टी पुन्हा पळायला लागली.

बरोबर होतं त्यांचं. एकही अक्षर चुकीचं नव्हतं. पण मी रात्रभर नाही तरी बराच वेळ विचार केला. डबा आणला तर तो कुठे लागणार? टीव्हीवर. टीव्ही कुठे? खुर्चीसमोर. म्हणजे आज हे खुर्चीत बसून पट्टी बघतात, उद्या खुर्चीत बसून गाणी ऐकतील. खुर्ची तीच. उलट आणखी मऊ होईल. आणि मला भीती कशाची होती तर त्या खुर्चीचीच. पासपोर्ट आज ना उद्या मिळेल हो, कागदच तो. पण तो मिळेपर्यंत हा माणूस उठून घ्यायला जाईल असा उरेल का?

शुक्रवारी मुलीला घेऊन मी बर दुबईच्या बाजारात गेले. दुकानदार सिंधी होता, दोन्ही माल समोर मांडले त्याने. म्हणाला, "आंटीजी, घर में खिडकी किस तरफ है?"

मी म्हटलं, "पश्चिमेला. पश्चिम तरफ."

"फिर तो ये मत लो. ये डब्बा लो. और सच बोलूँ? इस कंपनी का आज है, कल का ऊपरवाला जाने. आधे दाम में दे रहा हूँ, तो समझ लो."

"वही दो," मी म्हटलं. "रिसीव्हर."

मुलगी म्हणाली, "आई! बाबा क्लिअरली सेड नो. इट वोन्ट वर्क ॲट होम!"

"म्हणूनच," मी म्हटलं.

दुकानदार आमच्या दोघींकडे बघत राहिला. शेवटी मुलीला म्हणाला, "बेटा, मम्मी का दिमाग ठीक है ना?" आणि ती चक्क "आय डोन्ट नो" म्हणाली.

घरी आणल्यावर यांनी खोका बघितला, पण रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "सांगितलं होतं."

मी बाल्कनीत पाटी धरली. खरंच आफ्रिका लागली! आधी ढोल, मग कुणी पाद्री इंग्रजीत जोरजोरात देवाला बोलावत होता, मग पुन्हा ढोल. आत खुर्चीतून आवाज आला, "लागली का?" त्या आवाजात इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडंसं खवचट काहीतरी होतं. मला ते पदकासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रिसीव्हर पिशवीत घातला, पाटी काखेत धरली आणि म्हटलं, "मी खाली जाते. मागे बागेपाशी मोकळं आहे, तिथे लागेल."

"पार्किंगमध्ये बसून रेडिओ ऐकणार तू?"

"हो. तुम्हाला यायचं असलं तर या."

हे आले नाहीत. ऑक्टोबर होता, हवा नुकती सुसह्य झालेली. आमच्या इमारतीच्या मागे पार्किंग, त्याच्या कडेला हिरवळीचा एक पट्टा आणि एक बाक. मी बाकावर बसले, पाटी मांडीवर उभी केली. खरखर. इकडे वळवली. खरखर. तिकडे वळवली. तिथेसुद्धा आफ्रिका! मी कंटाळून वर आले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी वर आले की हे विचारायचे नाहीत, आणि मी सांगायची नाही, पण टीव्हीचा आवाज मी दारात आले की जरा कमी झालेला असायचा.

आता खरं सांगते, मला पूर्व सापडत नव्हती. हसू नका. आपल्या गावात पूर्व म्हणजे कुणाच्या तरी घराची बाजू असते, देवळाचं तोंड असतं, आपण विचार करत नाही. इथे सगळ्या इमारती सारख्या, आपली बाल्कनी कुठल्या बाजूला तेही खालून कळेना, सगळे रस्ते वळणारे, आणि मी बाहेर पडणार संध्याकाळी. सूर्य मावळतो कुठे ते उंच इमारतींमुळे खाली दिसत नाही. मग मी एक युक्ती काढली. आमच्या इमारतीचा नातूर, म्हणजे वॉचमन, पेशावरकडचा पठाण, संध्याकाळच्या नमाजाला त्याच हिरवळीवर सतरंजी टाकायचा. मी म्हटलं, हे लोक मक्केकडे तोंड करतात, मक्का पश्चिमेला. म्हणजे त्याच्या पाठीमागे पूर्व. तो उठेपर्यंत मी गप्प बसले, मग सतरंजीच्या बरोब्बर उलटं पाटीचं तोंड केलं. अगदी रेघ ओढल्यासारखं. स्वतःवर खूश झाले.

खरखर.

मग मात्र मी यांना फोन लावला. हे वर, मी खाली, मधे फक्त जिना, आणि आम्ही मोबाइलवर बोलतोय.

"पूर्वेला धरलीय हो, तरी लागत नाही."

"पूर्व कशावरून?"

मी नातूरच्या सतरंजीचं सांगितलं. मग हे म्हणाले, आणि असे म्हणाले जसं कुणी त्यांच्या डोळ्यांत वाळू टाकली आहे, "अगं बाई, त्यांचा किब्ला, नमाजाची दिशा, म्हणजे सरळ पश्चिम नव्हे! इथून मक्का पश्चिमेच्या दक्षिणेला येते. त्याच्या उलटं केलंस म्हणजे तू पूर्वेच्या उत्तरेला गेलीस. आणि आपल्याला हवंय पूर्वेच्या दक्षिणेला. तू पार भलतीकडे धरून बसली आहेस!"

"मग किती वळवू?"

"किती वळवू काय किती वळवू! उजवीकडे."

"कुणाच्या उजवीकडे? माझ्या की सतरंजीच्या?"

"तुझ्या! नाही, थांब. तू तोंड कुठे केलंयस?"

"पाटीकडे."

"पाटीच्या तोंडाकडे की पाठीकडे?"

मी जरा बघून म्हटलं, "मला वाटतं, समोरून."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, उचलला नाही. आता संतापलेत, बसू दे, असं म्हणून मी पिशवी आवरायला घेतली, तर जिन्याच्या दारातून हे बाहेर! पायजमा, घरातल्या सपाता, बनियनवर घाईघाईने अडकवलेला शर्ट, वरचं एक बटण खालच्या काजात. किती महिन्यांनी त्या दारातून बाहेर आले होते ते मी मोजलं नव्हतं, पण नातूर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "साब! आप मुल्क से कब आए?" त्याला वाटत होतं, हे इतके दिवस भारतात आहेत.

हे सरळ माझ्याजवळ आले, पाटी हातातून काढून घेतली. "देवा रे देवा," म्हणाले, "हे काय धरलंयस!" आकाशाकडे बघितलं, इमारतीच्या कडेकडे बघितलं, मग एक डोळा मिटला, जसे साइटवर मिटायचे तसा. पाटी वळवली, जराशी मागे कलती केली आणि हात स्थिर धरला.

आणि एक बाई मराठीत बोलायला लागल्या.

गाणं नव्हतं, भजन नव्हतं. त्या कोथिंबिरीच्या वड्या सांगत होत्या. कोथिंबीर निवडून, धुऊन, कोरडी करून घ्या. बेसन इतकं, तांदळाचं पीठ इतकं. वाफवून पूर्ण गार होऊ द्या, घाई करू नका, नाहीतर वडी फुटते. असं अगदी शेजारच्या घरातून बोलल्यासारखं. हे पाटी धरून उभे, मी बाकावर, नातूर जरा लांबून बघतोय. बाईंनी वड्या तळल्या, खोबरं घातलं, नमस्कार केला.

हे म्हणाले, "बेसन कमी सांगितलं त्यांनी."

"तुम्हाला काय कळतंय बेसनातलं?"

"खाल्लंय की तीस वर्षं."

त्यानंतर रोज संध्याकाळी नमाज झाला की हे खाली. पाटी टेकवायला त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्याचं एक स्टँड केलं, कोन आखून. बाकावर पेनाने एक बारीक खूण केली, स्टँड तिथेच ठेवायचं. मला हात लावू द्यायचे नाहीत. नातूर येऊन बसायचा, भाषा कळायची नाही तरी बसायचा, बातम्या लागल्या की विचारायचा, "साब, पाकिस्तान का कुछ बोला?" हे म्हणायचे, "बोला. बारिश हुई." तो म्हणायचा, "अल्हम्दुलिल्ला." खरी झाली होती की नाही कोण जाणे.

पण मी उगाच गोड करून सांगणार नाही. सुटलो होतो असं नाही. दोरी लांब झाली होती, एवढंच. जिन्यापासून बाकापर्यंत. कुणी ओळखीचं गाडीतून उतरताना दिसलं की हे रिसीव्हरवर वाकून काहीतरी बघत असल्यासारखं करायचे. कंपनीला फोन मीच लावायचा, हे लावत नसत. म्हणायचे, "मी काय म्हणून मागायचं? माझीच वस्तू." आणि पलीकडून तेच, "मॅडम, नेक्स्ट वीक, इन्शाल्ला." आणि वर आलं की तोच एसी, तीच खुर्ची. फक्त दिवसाला एक तास तिची जागा रिकामी असायची.

त्यात थंडीत रेडिओ बंद पडला.

आधी कुजबुज होती, वर्गणी परत मिळणार नाही वगैरे. मग एका संध्याकाळी यांनी स्टँड खुणेवर ठेवलं, बटण दाबलं, आणि काही नाही. खरखरही नाही. स्क्रीनवर शोधतोय, शोधतोय असं येत राहिलं. यांनी पाटी काढली, पुसली, लावली. स्टँड बाजूला करून हाताने धरली. मी म्हटलं, "खूण हलली असेल." हे म्हणाले, "खूण नाही हलत." अंधार पडेपर्यंत हे पाटी धरून उभे होते. नातूर म्हणाला, "साब, खलास?" यांनी मान हलवली.

वर आले ते सरळ खुर्चीत. टीव्ही लावला नाही. तो न लावता नुसतं बसणं मला जास्त भयंकर वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तरी तिथेच. मी मनात म्हटलं, केलास ना शहाणपणा, बुडत्या कंपनीचा रेडिओ आणलास? डबा आणला असता तर निदान आज तो बोलत असता. चहा ठेवला. डोळ्यांत पाणी आलं ते आलंच.

तर मागून आवाज. ठक, ठक, ठक. वळून बघितलं तर हे दाराशी उकिडवे बसलेले, साइटवरचे बूट उलटे करून एकमेकांवर आपटताहेत. वाळलेली माती वर्तमानपत्रावर पडत होती.

मी म्हटलं, "कुठे?"

"कुसैसला. ऑफिसात."

"फोन करू का आधी?"

"नको. फोनवर तो नेक्स्ट वीक म्हणतो. समोर बसून म्हणू दे."

मीही गेले बरोबर. दोन बस बदलून, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाटेत सगळ्या थांबलेल्या क्रेन. हे खिडकीतून बघत होते, पण पट्टी बघायचे तसं नाही. एका अर्धवट इमारतीपाशी म्हणाले, "ही माझी. बघ, रस्त्याला किती सरळ आहे."

ऑफिसात तो माणूस उठून उभा राहिला, बिचारा चांगला होता, त्याच्या हातात काही नव्हतं. "हबीबी, यू केम! टी? नेक्स्ट वीक, इन्शाल्ला, पक्का."

हे म्हणाले, "ओके. आय विल वेट." आणि बाहेरच्या सोफ्यावर बसले. तो म्हणाला, "नो, नो, नेक्स्ट वीक." हे म्हणाले, "येस. आय हॅव टाइम. धिस इज बेटर चेअर." माझ्याकडे वळून म्हणाले, "तू घरी जा, वेळ लागेल." मी पिशवी उघडून डबा दाखवला. थालीपीठ आणि लोणचं होतं. मला माहीत होतं की.

त्या दिवशी काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी हे एकटे गेले. मग रोज जायला लागले, नोकरीला जावं तसे, इस्त्रीचा शर्ट घालून. तिथले लोक आधी हसायचे, मग चहा द्यायचे, मग यांना बघून तोंड लपवायला लागले. उन्हाळ्याच्या तोंडावर कुणाची तरी सही आली. एका दुपारी हे घरी आले आणि दोन्ही पासपोर्ट ओट्यावर ठेवले, पोळपाटाशेजारी. पीठ लागेल म्हणून मी उचलले सुद्धा नाहीत, नुसती बघत राहिले.

सामान बांधताना मुलगी म्हणाली, "आई, धिस इज डेड. थ्रो इट." हातात रिसीव्हर. यांनी तो तिच्याकडून घेतला, पुठ्ठ्याचं स्टँड घडी घालून त्याच्याखाली ठेवलं आणि माझ्या साड्यांच्या मधे सरकवलं.

आणि निघायच्या दिवशी बघा काय झालं. आम्ही बॅगा दाराबाहेर काढतोय तर समोरचं कुलूप उघडलेलं. नवीन भाडेकरूंसाठी माणसं आत रंग देत होती. दार सताड उघडं. मी म्हटलं, एकदा बघून घेऊ दे मला ती पूर्व. इतके महिने मनातल्या मनात बघितली. रंगवाल्याला विचारून आत गेले. चपला काढल्या, सवयीने. हॉल ओलांडून सरळ खिडकीशी गेले.

खिडकीसमोर भिंत होती. पलीकडच्या इमारतीची, वरपासून खालपर्यंत, हाताच्या अंतरावर वाटावी इतकी जवळ. आकाश बघायला मान वाकडी करावी लागत होती, आणि तेही चिरमुऱ्याएवढं.

मागे हे येऊन उभे राहिले होते. मी म्हटलं, "अहो, इथेसुद्धा रेडिओ लागला नसता."

"नाहीच," हे म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"इमारतीचा नकाशा बघूनच घर घेतलं होतं मी. ती बया म्हणायची धूप येते, धूप येते. ट्यूबलाइट असेल." मग खिडकीच्या चौकटीवर हात टेकून त्यांनी एक डोळा मिटला, त्या भिंतीकडे बघितलं, आणि म्हणाले, "पण भिंत सरळ आहे. चल, टॅक्सी खाली थांबलीय."